क्वांटम डॉटमधला इलेक्ट्रॉन आणि त्याची फेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातल्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दहावीपर्यंत मराठी, पुढे इंग्रजी आणि परीक्षेपुरती कन्नड, असे ज्यांचे शिक्षण झाले त्यांना संकल्पना कळलेली असते, पण शब्द तीन भाषांत विखुरलेले असतात. म्हणून प्रयोगशाळेत जो शब्द तोंडी असतो तोच इथे ठेवला आहे. पाठ्यपुस्तकात फेजला ‘कला’ आणि इंटरफिअरन्सला ‘व्यतिकरण’ म्हणतात, तेवढे ध्यानात असू द्या.

१. टीव्हीच्या जाहिरातीत असतो तोच हा क्वांटम डॉट काय?

नाव एकच, वस्तू वेगळी. टीव्हीतले डॉट म्हणजे द्रावणात वाढवलेले काही नॅनोमीटरचे स्फटिककण. ते प्रकाशाचा रंग ठरवतात, आणि २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांच्या शोधासाठी व निर्मितीसाठी मिळाले. या पानावरचा डॉट गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीत असतो. पृष्ठभागाखाली साधारण ५० ते १०० नॅनोमीटरवर इलेक्ट्रॉनांचा एक सपाट थर असतो. वर सोन्याच्या बारीक पट्ट्या, म्हणजे गेट, काढतात आणि त्यांना ऋण व्होल्टेज देतात. त्यामुळे खालचे इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जातात आणि मधे काहीशे नॅनोमीटरचे एक डबके शिल्लक राहते. तो डॉट. व्होल्टेज काढून घेतले की डॉटही नाहीसा होतो.

२. ‘एकेक इलेक्ट्रॉन जातो’ म्हणजे नक्की काय? करंट तर सलगच दिसतो.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटांपैकी दोन लागोपाठची गेटे डोळ्यांसमोर आणा. मधल्या तुकड्यात एक गाडी उभी असताना दुसरी आत सोडत नाहीत. डॉटच्या दोन्ही बाजूंना असेच दोन अडथळे असतात. आत आधीच असलेले इलेक्ट्रॉन नव्या इलेक्ट्रॉनला दूर लोटतात, म्हणून त्याला आत यायला जादा ऊर्जा लागते. तिला चार्जिंग एनर्जी म्हणतात: इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग भागिले डॉटची एकूण धारिता.

डॉटची धारिता १६० अ‍ॅटोफॅरड असेल तर ही ऊर्जा १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. तेवढी जवळ नसेल तर वाट बंद. हा कूलोम्ब ब्लॉकेड. मधल्या गेटचे (प्लंजरचे) व्होल्टेज हळूहळू वाढवत नेले की एका नेमक्या जागी ‘अमुक इलेक्ट्रॉन’ आणि ‘अमुक अधिक एक’ या दोन्ही अवस्थांची ऊर्जा सारखी होते. तिथे वाट उघडते आणि वाहकतेचे टोकदार शिखर दिसते. गेटची धारिता १६ अ‍ॅटोफॅरड असेल तर शिखरे सुमारे १०-१० मिलीव्होल्टवर येतात. करंट सलग दिसतो, कारण सेकंदाला कोट्यवधी इलेक्ट्रॉन असे रांगेने जातात. १ पिकोअ‍ॅम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन.

३. द्रव नायट्रोजनवर भागेल काय?

असल्या डॉटसाठी नाही. ७७ केल्विनला उष्णतेची ऊर्जा ६.६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे प्रश्न २ मधल्या चार्जिंग एनर्जीच्या सहापट. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला ती ०.३६ होते, शिखरे ओळखू येतात, पण पसरट. फेज मोजायची तर डायल्यूशन फ्रीज लागतो, म्हणजे १०० मिलीकेल्विन किंवा त्याखाली. शिवाय दुसरी अट: प्रत्येक अडथळ्याचा रोध २५.८ किलोओहमपेक्षा बराच जास्त हवा. नाहीतर इलेक्ट्रॉन आत आहे की बाहेर, हेच ठरत नाही.

४. डायमंडचा आलेख वाचायचा कसा?

आडव्या अक्षावर गेट व्होल्टेज, उभ्यावर बायस, म्हणजे डॉटच्या दोन बाजूंमधले व्होल्टेज. करंट बंद असलेले भाग शंकरपाळ्यांच्या माळेसारखे दिसतात, तेच डायमंड. शंकरपाळ्याचे वरचे टोक १ मिलीव्होल्टवर असेल तर चार्जिंग एनर्जी १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याची आडवी लांबी १० मिलीव्होल्ट असेल, तर १ भागिले १० म्हणजे ०.१ हा तुमचा लिव्हर आर्म. गेटवर १ मिलीव्होल्ट फिरवले तर डॉटची पातळी ०.१ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक हिशेबात तो लागतो. शंकरपाळे एका अंगाला कलले असतील तर घाबरू नका. दोन्ही बाजूंच्या धारिता सारख्या नसल्या की तसे होते.

५. शेतातल्या मोटारीची थ्री-फेज आणि इलेक्ट्रॉनची फेज एकच काय?

मुळात हो, आणि फेज समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. पंपाच्या स्टार्टरमध्ये तीन तारा येतात. प्रत्येक तार न्यूट्रलशी मोजली तर २३० व्होल्ट. मग दोन तारांमध्ये किती? ० नाही, ४६० नाही. ४०० च्या आसपास. कारण दोन्ही लाटा १२० अंशांनी पुढेमागे आहेत. एकेका तारेवरचा २३० हा आकडा ही गोष्ट कधीच सांगत नाही. दोन तारा एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच ती कळते.

इलेक्ट्रॉनचेही तसेच. तो लाट म्हणून डॉटमधून जातो. वाहकता मोजली की लाटेच्या उंचीचा वर्ग मिळतो, म्हणजे किती पार गेले ते. लाट कुठल्या टप्प्यावर बाहेर आली हे त्यात पुसले जाते. ते हवे असेल तर डॉटला टाळून गेलेली दुसरी लाट तिच्याशी ताडायला हवी. फेज ही नेहमी फरकाचीच असते. एकट्या लाटेची फेज विचारण्यात अर्थ नाही.

६. एका शिखरावरून जाताना फेज किती बदलते?

डॉटमधली एकच ऊर्जापातळी आणि तिची रुंदी एवढेच धरले तर एकूण १८० अंश. पातळीच्या खाली, अर्ध्या रुंदीइतके दूर असताना ४५ अंश, बरोबर शिखरावर ९०, पलीकडे तेवढेच गेल्यावर १३५. म्हणजे अर्धा बदल शिखराच्या रुंदीतच होतो आणि उरलेला अर्धा दोन्ही बाजूंच्या लांब शेपट्यांत. शेपटीतले बिंदू वगळून मोजले तर १८० भरत नाहीत. अशा तक्रारींत बहुतेक वेळा हेच कारण निघते.

७. मग फेज मोजतात कशी?

इलेक्ट्रॉनला दोन वाटा द्यायच्या. एका वाटेवर डॉट, दुसरी मोकळी. दोन्ही पुढे एकत्र येतात, म्हणजे एक कडे तयार होते. दोन वाटांनी वेढलेल्या जागेतून चुंबकक्षेत्र सोडले की दोन्ही लाटांतला फरक क्षेत्रानुसार फिरत राहतो आणि करंट वरखाली डोलतो. हा आहारोनोव्ह–बोह्म परिणाम. वेढलेली जागा १ चौरस मायक्रोमीटर असेल तर एक पूर्ण झोका ४.१४ मिलिटेस्लाचा. डॉटने फेज बदलली की झोक्यांची सगळी माळ तेवढीच बाजूला सरकते. ते सरकणे मोजायचे.

यात एक फार सुंदर सोय आहे. झोक्याची उंची डॉटमधल्या पारगमनाच्या वर्गमुळाइतकी असते. डॉट फक्त १ टक्का इलेक्ट्रॉन सोडत असला तरी झोका १० टक्क्यांइतका राहतो. म्हणून दोन शिखरांच्या मधल्या खोऱ्यात, जिथे वाहकता जवळजवळ दिसत नाही, तिथेही फेज वाचता येते. प्रश्न १० मधली सगळी गंमत त्या खोऱ्यातच आहे.

८. आमच्या सिम्युलेशनमध्ये फेज फक्त ० किंवा १८० येते, मधले काहीच नाही. कोड चुकला काय?

कोड बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

कड्याला एक आत यायची आणि एक बाहेर जायची, अशी दोनच टोके असतील तर एक पक्का नियम लागू होतो: चुंबकक्षेत्र उलटे केले तरी वाहकता तीच राहते. म्हणजे आलेख शून्य क्षेत्राभोवती आरशातल्यासारखा सारखा हवा. कोसाइनची लाट शून्याभोवती सारखी राहायची तर तिला दोनच जागा उरतात, शिखर शून्यावर किंवा दरी शून्यावर. डॉटने फेज ३७ अंश बदलली तरी बाहेरून ० किंवा १८० एवढेच दिसणार. याला फेज रिजिडिटी म्हणतात. १९९५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत याकोबी, हायब्लूम आणि सहकाऱ्यांनी कड्यात डॉट बसवून पहिल्यांदा मोजले, तेव्हा हाच अनुभव आला. डॉटमधून जाणारा इलेक्ट्रॉन लाट म्हणून सुसंगत राहतो हे सिद्ध झाले, पण फेज सलग न वाढता एका झटक्यात उलटली.

कारण असे. बेळगावहून गोव्याला चोर्ल्याने किंवा अनमोडने जाता येते. समजा दोन्ही रस्त्यांना मधे एकही फाटा नाही. गोव्याच्या नाक्यावरून परत फिरवलेली गाडी दुसऱ्या घाटाने बेळगावला येणार, तिथून पुन्हा परत. किती फेऱ्या झाल्या याचा हिशेबच लागत नाही. इलेक्ट्रॉनही बंद कड्यात असाच अनेकदा फिरतो, आणि त्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज मिळून फेज ० किंवा १८० ला बांधली जाते. (अर्थात गाडी एकाच घाटाने जाते, इलेक्ट्रॉनची लाट दोन्हींनी. दाखला तेवढ्यापुरताच.)

उपाय म्हणजे फाटे उघडणे. कड्याच्या आत-बाहेर अर्थ केलेली जादा टोके ठेवायची, म्हणजे परतणारे इलेक्ट्रॉन तिथे निघून जातात आणि शेवटच्या टोकाला एकदाच आलेले पोचतात. १९९७ मध्ये शूस्टर आणि सहकाऱ्यांनी असेच केले, आणि फेज सलग १८० अंश चढताना दिसली. तुमच्या मॉडेलमध्ये दोन्ही वाटांना एकेक जादा लीड (टोक) जोडून पाहा. फार जोडू नका, सिग्नलच गळून जातो. आणि दोन टोकांची जुनी आवृत्ती फेकू नका: क्षेत्र उलटे करून वाहकता तंतोतंत तीच येते का, ही कोडची उत्तम चाचणी आहे.

९. प्रत्यक्ष मोजताना कोणती सेटिंग ठेवायची, आणि काय बिघडते?

सुरुवात लॉक-इनपासून, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल मोजणाऱ्या उपकरणापासून. ५० मिलीकेल्विनला उष्णतेची ऊर्जा ४.३ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणून नमुन्यावर ३ मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. लॉक-इनमधून ०.३ व्होल्ट काढून लाखाने भागणारा डिव्हायडर लावला की तेवढे मिळतात. फ्रिक्वेन्सी १७ किंवा ३७ हर्ट्झ अशी, ५० च्या पटीपासून दूर.

फ्रीजचा थर्मामीटर ५० दाखवतो म्हणजे इलेक्ट्रॉनही ५० वर आहेत, असे समजू नका. तारांतून येणारा गोंगाट त्यांना तापवतो. खात्री करायची तर अडथळे घट्ट करून एक अरुंद शिखर मोजा. ५० मिलीकेल्विनला त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी उष्णतेच्या ऊर्जेच्या साडेतीन पट, म्हणजे १५ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट; ०.१ लिव्हर आर्मने गेटवर ०.१५ मिलीव्होल्ट. ०.४५ आली तर इलेक्ट्रॉन १५० वर आहेत. मग फिल्टर आणि अर्थिंग तपासा: दोन उपकरणे दोन वेगळ्या प्लगपॉइंटांवर अर्थ झाली की लूप तयार होतो, आणि बहुतेक वेळा चोर तोच. गेटची पावले ०.०२ मिलीव्होल्टपेक्षा मोठी नकोत.

क्षेत्र अधिक-उणे २० मिलिटेस्ला पुरते; १ चौरस मायक्रोमीटरच्या जागेत साडेनऊ झोके मिळतात. १०० मिलिटेस्लापर्यंत जाऊ नका, कारण नेहमीच्या इलेक्ट्रॉन घनतेला तिथे मार्गाची त्रिज्या सुमारे ०.९ मायक्रोमीटर होते आणि वाटाच वाकतात.

६० गेट-बिंदू, ८० क्षेत्र-बिंदू, प्रत्येकी एक सेकंद: ८० मिनिटे. तेवढ्या वेळात चकतीतला एखादा अडकलेला भार उडी मारतोच. म्हणून आतली फेरी गेटची ठेवा, बाहेरची क्षेत्राची. उडी झाली की त्या ओळीपासून शिखर सरकलेले दिसते आणि ओळ परत जुळवता येते. उलट क्रमाने केले तर तीच उडी फेजच्या बदलासारखी दिसते आणि माणूस फसतो.

आणखी दोन सापळे. सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये क्षेत्र थोडे अडकून राहते. १ मिलिटेस्लाची चूक म्हणजे जवळजवळ ८७ अंश! नेहमी एकाच दिशेने स्वीप करा. दुसरे, प्लंजर गेट शेजारच्या मोकळ्या वाटेलाही थोडे ढकलते. शिखरांपासून दूरही फेज एका चालीने सरकत असेल तर ते डॉटचे काम नव्हे, गेटाचे. समोरच्या गेटवर उलट भरपाई द्या.

१०. दोन शिखरांच्या मधे फेज अचानक १८० अंश का पडते?

या विषयातला सगळ्यात खोल प्रश्न हाच, आणि तो कागद-पेन्सिलीने समजतो.

दोन पातळ्या घ्या, एक ० वर, दुसरी १० वर. प्रत्येकीचा वाटा म्हणजे १ भागिले (ऊर्जा वजा पातळी). मधोमध, ५ वर, पहिलीचा वाटा १/५ आणि दुसरीचा −१/५. बेरीज शून्य. शून्याच्या अलीकडे बेरीज धन, पलीकडे ऋण. चिन्ह बदलणे म्हणजेच फेजची १८० अंशांची उडी. आता दुसऱ्या पातळीचे चिन्ह उलटे घ्या: १/५ अधिक १/५, म्हणजे २/५. शून्य नाही, उडी नाही, फेज चढतच जाते.

चिन्ह कोण ठरवते? डाव्या आणि उजव्या अडथळ्यापाशी त्या पातळीच्या लाटेचे चिन्ह काय, त्यांचा गुणाकार. एका रेषेतल्या साध्या डॉटमध्ये हा गुणाकार पातळीगणिक उलटसुलट येतो, मग उडी यायलाच नको. वेड्यावाकड्या डॉटमध्ये चिन्हे कशीही पडावीत: कुठे उडी, कुठे नाही. पण १९९७ च्या प्रयोगात प्रत्येक खोऱ्यात उडी दिसली, एकही अपवाद नाही. डझनभर नाणी उडवावीत आणि सगळ्यांवर छापाच यावा, तसे हे.

२००५ मध्ये अविनुन-कालिश, हायब्लूम आणि सहकाऱ्यांनी डॉट पूर्ण रिकामा करून एकेक इलेक्ट्रॉन भरत मोजले. सुमारे १० इलेक्ट्रॉनांपर्यंत फेज त्या-त्या पातळीप्रमाणे वागली, जशी अपेक्षा होती. सुमारे १४ च्या पुढे प्रत्येक खोऱ्यात उडी. एक पटणारे स्पष्टीकरण असे: डॉट भरत जातो तशा पातळ्या जवळ येतात आणि रुंद होतात, मग एक रुंद पातळी बहुतेक वाहतूक स्वतःकडे घेते आणि लागोपाठच्या शिखरांना तिचेच चिन्ह मिळते. पण यालाही अटळ नियम मानू नका. २०१७ मध्ये मोठ्या डॉटवर झालेल्या मोजमापात काही खोऱ्यांत उडी आढळली नाही. प्रश्न अजून जिवंत आहे, आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे.

११. ही उडी बेळगावात, कॉलेजच्या टेबलावर दाखवता येईल काय?

येईल, कारण गणित तेच आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० मिलीहेन्रीचे दोन चोक (अंगावर १०३), एक १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (१०४) आणि एक ४७ नॅनोफॅरडचा (४७३) आणा. पहिला चोक १०४ बरोबर सिरीजमध्ये, दुसरा ४७३ बरोबर. दोन्ही फांद्या पॅरलल जोडून वर सिग्नल जनरेटरचे आउटपुट, खाली १० ओहमचा रेझिस्टर, त्याचे दुसरे टोक जनरेटरच्या ग्राउंडला. ऑसिलोस्कोपचा पहिला चॅनल फांद्यांच्या वरच्या टोकाला, दुसरा १० ओहमवर. ३ ते १० किलोहर्ट्झ फिरवा.

शिखरे ५.०३ आणि ७.३४ किलोहर्ट्झच्या जवळ येतील. पहिल्या शिखरावर करंटची फेज पुढून मागे जाते, मधल्या दरीत झपकन परत पुढे येते, दुसऱ्या शिखरावर पुन्हा मागे. ती दरीतली उसळी म्हणजेच प्रश्न १० मधली उडी. इथे दिशा उलट दिसते एवढेच. आता एका फांदीचा करंट इन्व्हर्टिंग ऑपअ‍ॅम्पने उलटा करून बेरीज घ्या. दरी भरून निघते, उसळी नाहीशी होते.

चोकच्या तारेचा रोध २०-३० ओहमच्या आसपास असला तर चित्र स्वच्छ येते. शेकडोंत असला तर दोन्ही शिखरे एकात मिसळतात. रोधामुळे उसळी पूर्ण १८० भरणार नाही, आणि ती उभी नसून तिरकी असेल. फेज जनरेटरच्या सिंक आउटपुटशी ताडू नका, त्याचा ५० ओहमचा आतला रोध आकडा बिघडवतो. दोन्ही प्रोबांचे ग्राउंड आतून जोडलेले असते. एक क्लिप चुकून मधल्या जोडावर लागली तर १० ओहम शॉर्ट होतो आणि पडद्यावर सपाट रेघ येते.

१२. कोंडो परिणाम असेल तर फेज किती?

डॉटमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असली की एक स्पिन एकटा उरतो. अडथळे पुरेसे मोकळे आणि तापमान पुरेसे कमी असेल तर बाहेरचे इलेक्ट्रॉन त्या स्पिनशी बांधले जातात आणि खोऱ्यातच वाहकता वाढते. १९९८ मध्ये डॉटमध्ये हे दिसले. तिथे फेज ० किंवा १८० वर न थांबता ९० अंशांवर सपाट राहावी, असे सिद्धांत सांगतो. २००० सालच्या पहिल्या मोजमापात बदल याहून मोठा आला आणि बराच वाद झाला. २०१४ मध्ये ताकादा आणि सहकाऱ्यांनी दोन वाटांच्या स्वच्छ मांडणीत ९० अंशांचा टप्पा दाखवला. ओळखायची खूण: तापमान वाढवले की साधे खोरे भरते, कोंडोचे खोरे उलट खोल होते.

१३. शिखर एका बाजूला कललेले येते. नमुना खराब आहे काय?

बहुधा नाही. डॉटची अरुंद वाट आणि शेजारची मोकळी वाट एकमेकींत मिसळली की एका बाजूला बेरीज होते, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. हा फानो आकार. क्षेत्र थोडे बदलून पाहा. कल दुसऱ्या बाजूला गेला तर फानोच. बदलला नाही आणि बायस कमी केल्यावर कल गेला, तर तुम्ही सिग्नल जास्त देत होता (प्रश्न ९).

१४. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला हे पाहिले तर फेज जाते, हे खरे काय?

खरे, आणि मोजलेले. १९९८ मध्ये बुक्स आणि सहकाऱ्यांनी डॉटशेजारी एक अरुंद फट ठेवली. डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आला की फटीतला करंट किंचित बदलतो, म्हणजे फट ‘पाहते’. फटीतून जास्त करंट सोडला तसे झोके बारीक होत गेले. लक्षात घ्या, आकडा कुणी वाचायची गरज नाही. माहिती बाहेर पडणे पुरेसे आहे. तुमच्या मांडणीत भार मोजणारा सेन्सर असेल तर फेज मोजताना तो बंद ठेवा.

१५. हे शिकायचे तर इथून कुठे जावे लागते?

सिद्धांत आणि सिम्युलेशनसाठी कुठेही नाही. पायथन आणि त्यातले ‘क्वांट’ हे मोफत पॅकेज साध्या लॅपटॉपवर चालते. प्रश्न ८ मधले कडे एका दुपारी उभे राहते. चकती बनवायला मात्र क्लीनरूम हवी. बेळगावपासून बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी ही दोन्ही ठिकाणे जवळपास सारखीच, ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि बाहेरच्या संशोधकांना नॅनो-सुविधा वापरू देणारा कार्यक्रम दोन्हीकडे चालत आला आहे. अर्जासोबत तुमच्या नमुन्याचा नकाशा, अपेक्षित धारिता आणि प्रश्न ९ मधले वेळेचे गणित जोडा. त्या तीन गोष्टी असल्या की पुढची चर्चा थेट कामाचीच होते.